सावळं होण्याचं इंजेक्शन

संपादकांनी फोनवर सांगितलं, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीत वाचकांना जड काही नको असतं. मी हो म्हटलं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात, चर्मरोगाच्या ओपीडीत नर्स म्हणून माझी चौतीस वर्षं गेली, तेव्हा गमतींना तोटा नाही. पण कागद पुढे घेतला की एकच घर डोळ्यांसमोर येतं, आणि त्यात गंमत फार थोडी आहे. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

आधी ओपीडीचं सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, चर्मरोग म्हणजे खरूज आणि नायटे. ते असतंच. पण आमच्या बाकांवर बसलेल्या पुष्कळ बायकांच्या मनात भलताच प्रश्न असायचा. डॉक्टरांसमोर तो तोंडातून निघायचा नाही, मग बाहेर पडताना मला विचारला जायचा. सिस्टर, रंग उजळेल ना? लग्नाच्या मुलीला घेऊन आई यायची. कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेलं मलम फासून पोरीचा चेहरा लालबुंद झालेला, गालांवर लव उगवलेली, आणि आई म्हणायची, पहिले दोन महिने किती छान गोरी झाली होती हो. अशा आयांना मी चांगली झापायची. माझा स्वतःचा रंग तव्यासारखा. आम्ही मालवणकडचे, वडील लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचे. माझ्या तोंडाकडे बघून त्या गप्प बसत, पण त्यांना पटत नसे. उलट त्यांना वाटत असणार, हिचं लग्न का झालं नाही ते दिसतंच आहे.

तर अशा लोकांत जन्म काढलेल्या बाईकडे कुणी काळं होण्याचं इंजेक्शन घेऊन आलं तर तिला काय वाटेल? मला हसू आलं. तो विनायक. आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत शिकवायचा, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेला उतरणारी ही मंडळी स्टेजवर जायच्या आधी अंगाला तपकिरी रंग फासतात. गोऱ्या अंगावर दिव्यांच्या उजेडात स्नायूंच्या रेघा दिसत नाहीत म्हणे. विनायकला रंग फासायचा कंटाळा. त्याने इंटरनेटवरून कसल्याशा छोट्या बाटल्या मागवल्या आणि माझ्या दारात आला.

"सिस्टर, टोचून द्या ना. घामाने निघतच नाय हा कलर. आतूनच येतो."

मी विचारलं, डॉक्टरची चिठ्ठी कुठाय? नव्हती. घरोघरी जाऊन इंजेक्शन देण्याचं काम मी नोकरीत असल्यापासून करते, आणि त्यात माझा एकच नियम. चिठ्ठी नाही तर सुई नाही. सख्ख्या भावालाही मी कधी सूट दिली नाही. विनायकला मी परत पाठवला. त्याने आरशासमोर उभं राहून स्वतःच टोचून घेतलं आणि महिन्याभराने परत आला. तेव्हा पाठीवरचे सगळे तीळ काळे कुळकुळीत झाले होते, आणि बायकोने घाबरून त्याला माझ्याकडे हाकलला होता.

मी त्याला आमच्या मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या डॉक्टर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण माझ्यावर ओरडायचा हक्क फक्त त्यांचा. त्यांनी विनायकची हजेरी घेतली आणि नंतर मला नीट समजावून सांगितलं. उन्हात गेलं की कातडी स्वतःला वाचवायला रंग तयार करते. हे औषध कातडीला खोटाच निरोप देतं की ऊन आलंय, रंग कर. सूर्यप्रकाश अजिबात न सोसणारा एक आजार असतो, त्याच्यासाठी परदेशात ह्याच जातीचं एक रीतसर औषध आहे. तांदळाच्या दाण्याएवढी कांडी कातडीखाली बसवतात, तीही इस्पितळात, अंगावरचा तीळ न् तीळ आधी आणि नंतर तपासून. आपल्याकडे ते मिळत नाही. पार्सलने येतं ते त्याचं चुलत भावंड, आणि बाटलीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ह्याने तीळ बदलू शकतात, तेव्हा असा कुणी दिसला तर आधी तीळ बघ, असं त्यांनी मला बजावलं. विनायकचे तीळ औषध थांबल्यावर हळूहळू उतरले. मी मात्र हे सगळं त्या दिवसापासून जाणून होते, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं.

आता थोडं माझ्याबद्दल. आमची चाळ पडली आणि त्या जागी टॉवर आला. मला एकोणिसाव्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. चाळीत होते तेव्हा दार सताड उघडं असायचं, पण आत कोण यायचं? मुलं माझी सावली पडली तरी पळायची. जेवत नसलेल्या पोराला आया दम द्यायच्या, थांब, सिस्टरला बोलावते. मला त्याची तेव्हा ऐट वाटायची. मी कुणाकडे गेले की सुयांची पिशवी घेऊनच जाणार, काम होईपर्यंत सगळे श्वास रोखून बसणार, मग चहा, मग निघायचं. असा माझा शेजार. टॉवरमध्ये तोही संपला. इन्शुलिनची पेनं निघाली, लोक स्वतःच टोचून घेऊ लागले, आणि ज्यांना माणूस लागतो ते मोबाइलवरून कंपनीची मुलगी बोलावतात. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत माझी घरं एकेक करून सुटली. शेवटी एकच राहिलं, गिरगावातल्या नलूताईंचं.

नलूताई आमच्या ओपीडीतल्या जुन्या पेशंट. घराणं गिरगावातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं, आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, एके काळी वाडीची मालकी. आता दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या आणि त्यांत सत्तरीला टेकलेल्या नलूताई एकट्या. मॅडमनी म्हटलेला तो ऊन न सोसण्याचा आजार त्यांना जन्मापासून. बाहेरून काही दिसत नाही. पाच मिनिटं उन्हात गेलं की हातातोंडाची आग आग होते आणि ती दोन-दोन दिवस राहते. शाळेत कवायतीच्या तासाला रडत जाऊन त्या पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात बुडवून उभ्या राहायच्या. बाई म्हणायच्या, नाटकी आहे. घरचेही तेच म्हणत. आजाराला नाव मिळालं ते आमच्याकडे, पन्नाशी उलटल्यावर. त्या दिवशी त्या रडल्या. मला म्हणाल्या, म्हणजे मी नाटकी नव्हते.

काचेतून येणारा उजेडही त्यांना बाधतो, म्हणून खिडक्यांना जाड तपकिरी पडदे. घरात पिवळा बल्ब. दिवस मावळला की त्यांचा दिवस उगवायचा. फुलं, पाव, लिंबं लागली की पडद्याच्या फटीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची आणि हाक मारायची. वाचनालयाचा माणूस संध्याकाळी पुस्तकं आणून देई. दिवाळी अंक तर त्या जाहिरातींसकट वाचत, एकही सोडत नसत.

माझं तिथे जाणं महिन्यातून एकदा, व्हिटॅमिनच्या इंजेक्शनासाठी. एकदा अशीच गेले तर टेबलावर खोकं. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेलं. आत विनायकच्याच त्या बाटल्या.

मी म्हटलं, नलूताई, हे नाही मी देणार. चिठ्ठी आणा. त्या म्हणाल्या, खऱ्या औषधाचं मॅडमना तीन वेळा विचारलं, मिळत नाही, आणि ह्याची चिठ्ठी त्या जन्मात देणार नाहीत. मी विनायकची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मग जे बोलल्या ते मला शब्दशः आठवतं.

"गुढीपाडव्याला सकाळी आमच्या रस्त्याने शोभायात्रा जाते. इतकी वर्षं मी ती पडद्याच्या फटीतून बघते. वरून नुसती डोकी दिसतात हो. मला एकदा खाली उतरून चेहरे बघायचेत."

मी काही न देता घरी आले. रात्रभर विचार केला, वगैरे लिहायला बरं दिसेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी खिडकीपाशी नुसती बसले होते, आणि एकदम मनात आलं, हे इंजेक्शन रोज द्यायचं असतं. पाडव्याला महिना होता. म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळी मला एका घरी जायचं असेल. मी उठून साडी बदलली आणि बस पकडली.

काम सोपं होतं. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड. पाणी थेट पुडीवर सोडायचं नाही, काचेच्या कडेने ओघळू द्यायचं, बाटली हलवायची नाही, तळहातांत फिरवायची. मग पोटावरची कातडी चिमटीत धरून बारीक सुई. सुरुवातीला त्यांना मळमळायचं, चेहरा तापायचा. मी लिंबाचं सरबत करून द्यायची आणि मळमळ थांबेपर्यंत बसायची. मग ती थांबली तरी बसायची. त्या वाचलेलं सांगत, मी ओपीडीतलं सांगत असे. मी सकाळी काय जेवले हे मला कुणी विचारल्याला किती वर्षं झाली होती, ते मी मोजलं नाही. त्या रोज विचारत. दुसऱ्या आठवड्यात "सिस्टर" जाऊन "शालिनी" झालं, आणि "तुम्ही"चं "तू" झालं. माझ्या आईनंतर मला शालिनी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

आणि त्यांचा रंग बदलू लागला. आधी गव्हाळ, मग चांगल्या सावळ्या. केतकी वर्णाचं मिरवणारं ते घराणं, पणजीच्या गोरेपणाच्या गोष्टी नातवंडांना सांगणारं. नलूताई आरशात बघून म्हणाल्या, आजीने मला दारात उभी केली नसती. मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला. अजून मला गाठायला वेळ होता. दोघी पोट धरधरून हसलो.

मग परीक्षा. रोज मावळतीच्या आधी थोडा पडदा सारून त्या बसायच्या, हातावर ऊन घ्यायच्या, मी घड्याळ धरायची. दोन मिनिटं. पाच मिनिटं. दहा मिनिटं झाली आणि हात भाजला नाही त्या दिवशी त्यांनी मला शेवयांची खीर करून घातली.

तिसऱ्या आठवड्यात मला तो तीळ दिसला.

बेंबीच्या उजवीकडे मसुराएवढा होता. बाकीच्या तिळांसारखा तोही काळा होणार हे धरलेलंच होतं. पण ह्याची एक कड ओल्या कागदावर शाई पसरावी तशी बाहेर आली होती. चौतीस वर्षांच्या डोळ्यांना ह्याहून जास्त काही लागत नाही. त्याच क्षणी सुई खाली ठेवून मॅडमना फोन लावायचा, हे ओपीडीत नव्याने आलेल्या मुलीलाही कळलं असतं. मी सुई डाव्या बाजूला दिली. दुसऱ्या दिवशीही डावीकडे. पाडव्याला अकरा दिवस उरले होते, ते अकराही दिवस मी डाव्याच बाजूला दिली, म्हणजे उजवीकडे बघायला नको.

पाडव्याला सकाळी आठ वाजता आम्ही जिना उतरलो. त्या आईचं जांभळं नऊवारी नेसल्या होत्या, लांब बाह्यांचा ब्लाउज, हातमोजे, डोक्यावर छत्री. खाली रस्ताभर रांगोळ्या, ढोल-ताशे, फेटे बांधून बुलेटवर बसलेल्या मुली. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी हातमोजे काढले. मग छत्री मिटली. मी घड्याळाकडे बघत होते आणि त्या माणसांकडे बघत होत्या. कुणीही समोरून गेलं की थेट तोंडाकडे, लहान मूल बघतं तशा. एका मुलीने नमस्कार केला तर तिची हनुवटी धरून उभ्याच राहिल्या.

खाली फुलं विकणारी मंगल वीस वर्षं त्यांच्या टोपलीत फुलं घालत होती. तिने मला विचारलं, ह्या कोण? नलूताईंनी नेहमीच्या सुरात हाक मारली, "मंगल, दोन गजरे गं." मंगलने आधी वर खिडकीकडे बघितलं. मग समोर. मग तिने स्वतःच्या हाताने त्यांच्या अंबाड्यात गजरा माळला. आम्ही चाळीस मिनिटं रस्त्यावर होतो. संध्याकाळपर्यंत कुठेही आग झाली नाही. माझ्या नोकरीत मी पुष्कळ माणसं बरी होऊन जाताना बघितली, पण असं तोंड कुणाचं बघितलं नाही, आणि तो दिवस मी कुणाला परत देणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की तीळ दाखवायला हवा. आजच लक्षात आलं, असं म्हणाले नाही, पण तसं वाटू दिलं. मॅडम आमच्यासाठी सातपर्यंत थांबल्या. माझ्यावर ओरडल्या नाहीत, त्यावरूनच मी समजले. तीळ काढला, तपासायला पाठवला. रिपोर्टात पेशी बिघडायला लागल्याचं आलं. मॅडम म्हणाल्या, वेळेत काढला, पण आता औषध बंद आणि जन्मभर दर काही महिन्यांनी सगळं अंग तपासून घ्यायचं. मग कागद भरताना त्यांनी नेहमीच्या सवयीने मला विचारलं, सिस्टर, बदल पहिल्यांदा कधी दिसला?

नोंदीच्या कागदावर मी आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, पाडव्याच्या आधी अकरा दिवस. मॅडमचं पेन थांबलं. नलूताई शेजारच्या खुर्चीत होत्या.

टॅक्सीत, लालबाग मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "मीही पाहिला होता तो. आंघोळ करताना. तू सुई डावीकडे द्यायला लागलीस, काही बोलली नाहीस. मी म्हटलं, हिने जन्मभर हेच बघितलंय. काही असतं तर बोलली असती."

मग त्यांनी विचारलं, "का बोलली नाहीस, शालिनी?"

मी म्हटलं, तुमचा पाडवा होता म्हणून.

"मला विचारलं असतंस तर मी पाडवाच निवडला असता. पण विचारायला हवं होतंस." एवढं बोलून त्या काचेबाहेर बघत राहिल्या. घरी पोचल्यावर मी जिन्यापर्यंत गेले, तर म्हणाल्या, आता जाईन मी. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याला आता सहा महिने होऊन गेले. तपासणीला त्या भाचीबरोबर जातात, ठीक आहेत, असं मॅडमकडून कळतं. रंग गणपतीपर्यंत उतरला म्हणे, पुन्हा केतकी झाल्या. दोनदा मी बसने गिरगावात गेले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. पडदे लावलेले होते. मंगलने हात केला, वर जा म्हणाली. पण जाऊन काय सांगणार? त्यांचं कुठलंच इंजेक्शन, व्हिटॅमिनचंही, आता माझ्याकडे नाही, आणि सुई नसताना कुणाच्या घरी कसं जायचं ते मी कधी शिकलेच नाही. परत आले.

म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी हो म्हटलं. नलूताई, हा अंक वाचनालयाचा माणूस तुम्हाला आणून देईल आणि तुम्ही तो जाहिरातींसकट वाचाल, हे मला ठाऊक आहे. टॅक्सीत मी तुम्हाला खोटं उत्तर दिलं. पाडव्यासाठी मी गप्प बसले नव्हते. तीळ दाखवला असता तर औषध त्याच दिवशी थांबलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता मला जायला घर उरलं नसतं. तुमच्या जिवापेक्षा मला ती संध्याकाळ मोठी वाटली. अकरा संध्याकाळी. ही बाई कसली सिस्टर, असं तुम्ही म्हणालात तर ते बरोबरच आहे.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सहा वाजता मी तुमच्या खिडकीखाली येईन. वर बोलवायचं नसेल तर पडदा तसाच राहू द्या, मी समजेन. बोलवायचं असेल तर टोपली खाली सोडा. माझ्या हातात पिशवी नसेल.